गोटीरामशेठ आणि त्यांची म्याडम

गोटीरामशेठ इंग्रजी बोलतात ते फक्त गाडीशी. माणसांशी कधीच नाही. समोर बिल्डर असो, वकील असो, नाहीतर त्यांच्या नातीच्या शाळेतली फाडफाड इंग्रजी झाडणारी मुख्याध्यापिका असो, शेठ आगरीतच बोलणार, "बसा बाय, पानी घ्या." पण सकाळी बंगल्यामागच्या शेडचं दार कुरकुरलं, की माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत आवाज येतो, "गुड मॉर्निंग म्याडम! स्लीप ओके?"

म्याडम म्हणजे त्यांची मॉरिस मायनर. फिकट पिस्ता रंग, पाठीला कुबड, पुढे दोन गोल दिवे, आणि चेहऱ्यावर आत्ताच कुणीतरी पाणउतारा केल्यासारखा भाव. मूळची विलायतेची. तिच्या वयाचा विषय काढलेला शेठना खपत नाही, "बाईमानसाचा वय कसला इचारता?" म्हणतात. आजही रोज सकाळी ती मानपाडा रोडवर एक चक्कर मारून येते, आणि तिच्यामागे अडकलेल्या रिक्षावाल्यांच्या शिव्यांनी आमची सोसायटी जागी होते. मी गजराचं घड्याळ केव्हाच माळ्यावर टाकलं.

"शेठ, तिच्याशी मराठीत का नाही बोलत?" मी एकदा विचारलं.

"विलायतेची हाय ती, मास्तर. तिला आपला काय समजनार?"

"अहो, इथे येऊन तिचा जन्म गेला. एवढ्यात शिकली असेल की!"

"तुमची बिल्डिंग उभी राहून पन लय वर्सं झाली," शेठ शांतपणे म्हणाले. "कोन शिकला आगरी?"

मी विषय बदलला.

मास्तर मी खराच आहे. डोंबिवलीतल्या एका शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. आमची इमारत शेठच्या शेतावर उभी आहे आणि हे ते विसरू देत नाहीत. पहिल्यांदा घरी आले तेव्हा स्वयंपाकघरात डोकावून म्हणाले, "इथं आमचा वाल व्हायचा. फ्रीज हाय ना, तिथं तं लय यायचा." माझी बायको तेव्हापासून फ्रीज उघडताना जरा अवघडते.

त्या दिवशी त्यांचं काम होतं भाषांतराचं. "मास्तर, 'जरा दम धर, चढ संपत आलाय' ह्याला इंग्लिशमधे काय बोलाचा?" मी जन्मभर मुलांना शिकवलं त्या तळमळीने त्यांना व्याकरणशुद्ध वाक्य दिलं. शेठनी ते पाठ केलं. चार दिवसांनी तक्रार घेऊन हजर. "वाक्य लय लांब झाला. बोलून होईपर्यंत ती बंद परते." मग आम्ही दोघांनी बसून अभ्यासक्रम आखडता घेतला. चढावर 'कम ऑन', चढ संपल्यावर 'गुड गर्ल', सिग्नलला 'वेट', आणि खड्ड्याला 'सॉरी'. मानपाडा ते कल्याण एवढ्या प्रवासात सर्वात जास्त काय ऐकू येतं, हे मी सांगायला नको.

शेठ गाडी शिकले ती मिठागरात. त्यांचे वडील कळव्याच्या खाडीकाठी एका पारशाच्या मिठागरात कामाला होते. पारशी कायमचा परदेशी निघाला आणि जाताना ही गाडी वडिलांकडे ठेवून गेला, "सांभाळ, येतो" म्हणून. तो काही आला नाही. वडिलांनी ती पेंढ्याच्या कोठारात ठेवली आणि सकाळ-संध्याकाळ बैलांबरोबर तिच्याही पाठीवरून हात फिरवला. गोटीराम मोठे झाले तेव्हा त्यांनी ती बाहेर काढली आणि सुकलेल्या मिठागरात चालवायला शिकले. तिथे सगळं सपाट. वळण नाही, माणूस नाही, झाड नाही. त्यामुळे वाटेत काही आडवं आलं की शेठना अजूनही मनापासून आश्चर्य वाटतं. "ह्यो कुठून आयला?" म्हणतात, आणि समोर केडीएमटीची अख्खी बस असते.

वळताना म्याडमच्या दारामागच्या खांबातून वीतभर लांबीचा केशरी दांडा आडवा बाहेर येतो. हा तिचा इंडिकेटर. विलायतेत याचा अर्थ सगळ्यांना कळत असेल. कल्याण-शीळ रोडवर तो कळणारा माणूस मला भेटलेला नाही. मोटरसायकलवाले काचेवर टकटक करून सांगतात, "अंकल, गाडीतून कायतरी बाहेर आलंय." एकदा सिग्नलला एका गृहस्थाने त्या दांड्याला भाजीची पिशवी अडकवली आणि खिशातला मोबाइल काढून बोलायला लागला. सिग्नल सुटला तरी शेठ हलले नाहीत. "बोलू दे त्याला," म्हणाले, "घरचा फोन असंल."

गाडी चालवताना ते चष्मा लावत नाहीत. चष्म्यातून खड्डे दिसतात आणि जीव घाबरतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे वेगाचा काटा वाचायला शेजारी कुणीतरी लागतं. काटा पुढच्या फळीच्या बरोबर मधोमध, बशीएवढा, आणि मैलांत. ही नोकरी निवृत्तीनंतर माझ्या गळ्यात पडली. "किती?" ते ओरडून विचारतात. इंजिनाच्या आवाजात साधं बोलून भागत नाही. "वीस!" मी ओरडतो. "लय झाला!" शेठ ओरडतात.

आता प्रमोदकडे वळतो, कारण खरं रामायण तिथे आहे. प्रमोद हा शेठचा एकुलता एक मुलगा. इमारती बांधतो, आणि हायवेला त्याचं लग्नाचं लॉन आहे. माणूस वाईट नाही, पण दोन फोन आणि एक दिवस या हिशेबात कायम अडकलेला. बंगला तीन मजली. वरच्या दोन मजल्यांवर प्रमोद, सून अर्चना आणि नात. खाली शेठ एकटे. शेठची बायको गेली त्याला बरीच वर्षं झाली. बापलेकांचं बोलणं म्हणजे सकाळी गेटपाशी प्रमोदची उंच पांढरी गाडी बाहेर पडताना काचेआडून हात वर करते आणि शेठ ओट्यावरून हात वर करतात, एवढंच.

गेल्या हिवाळ्यात प्रमोदच्या डोक्यात आलं, की म्याडमला लॉनच्या दारात चौथऱ्यावर उभी करायची. रंगीत दिवे सोडायचे, मागे पंखांची जोडी रंगवायची, आणि नवरा-नवरीने पुढे उभं राहून फोटो काढायचे. सेल्फी पॉइंट.

"बाबा, जुनी झाली ती. रोडवं कुठंतरी बंद परंल, मागून कोन ठोकंल. तुमाला काय झाला तं? तिथं शोभा तरी येईल," प्रमोद म्हणाला. मी नेमका चहाला बसलो होतो.

"तिचा चाक फिरतंय तवर ती चौथऱ्यावं जानार नाय."

"फिरतंय? वीसच्या वर जाते का?"

आता हे शेठना लागलं. गाडीच्या वेगावर टीका म्हणजे घरच्या बाईच्या स्वयंपाकाला नाव ठेवल्यासारखं. त्यांनी कप खाली ठेवला. "कुठल्याबी रोडवं ने. तुज्या गारीच्या बरोबरीनं येईल ती."

"समृद्धीवं?" प्रमोद हसला.

"समृद्धीवं."

पैज तिथल्या तिथे ठरली. आमण्याला समृद्धी महामार्गावर चढायचं, इगतपुरीला उतरायचं, आणि दुपारच्या बाराच्या आत. प्रमोद मागून त्याच्या गाडीत येणार. पोचलो तर म्याडमचं नाव पुन्हा काढायचं नाही. नाही पोचलो तर सरळ चौथरा. काटा कोण वाचणार हे कुणी विचारलंसुद्धा नाही. मी मनात इष्टदेवतेचं नाव घेतलं.

आठवडाभर शेठनी तिची अशी सेवा केली की सांगायची सोय नाही. तेल बदललं, चाकं बदलली, रात्री बॉनेटवर गोधडी घातली. माझ्याकडून एक नवं वाक्य शिकले, "बिग रोड टुमारो." ते तिला रोज सांगत होते, त्यामुळे तिचा 'टुमारो' बरेच दिवस लांबत गेला.

निघायच्या सकाळी आमच्या गल्लीत लग्नघराएवढी गर्दी. आगऱ्यांच्या घरात कुठलंही काम थोडक्यात होत नाही. नारळ फुटला, लिंबू-मिरची टांगली, एका आत्याबाईंनी चारही चाकांना हळद-कुंकू लावलं आणि पाचवं डिकीतलं शोधत होत्या. आणि अर्चनाने आणला हार. नवरदेवाच्या गाडीला घालतात तसला, झेंडूचा, मनगटाएवढा जाड. एक नाही, पाच पदरी. या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत म्याडमचं अख्खं तोंड त्यात बुडालं. दुसरं टोक मीच धरलं होतं आणि गाठही मीच मारली. सगळ्यांनी फोटो काढले. शेठच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते बाहीने पुसलं.

गांधारीचा पूल ओलांडून पडघ्याच्या रस्त्याने आम्ही आमण्याला पोचलो, आणि महामार्गावर चढलो. समोर रस्ता पाहून शेठ स्टिअरिंगवर पुढे झुकले. रुंद, सपाट, पांढराशुभ्र. माणूस नाही, रिक्षा नाही, म्हैस नाही.

"मास्तर," ते म्हणाले, "मिठागर!"

आणि पाय दाबला.

पुढचं मी शक्य तेवढ्या शांतपणे सांगतो. काटा तीस मैलांवर जाताच पुढचा कप्पा आपोआप उघडला आणि त्यातला पाना माझ्या मांडीवर आला. चाळीसला खिडकीची तिकोनी काच शिट्टी वाजवू लागली. पंचेचाळीसला वायपर सुरू झाला. पाऊस नव्हता आणि बटणाला कुणी हात लावलेला नव्हता. पन्नासला माझ्या बाजूचं दार स्वतःहून उघडायचा विचार करू लागलं, तेव्हा मी ते दोन्ही हातांनी धरलं. दात एकमेकांवर आपटत असल्यामुळे मला 'पन्नास' म्हणता येईना.

"किती? किती?" शेठ ओरडत होते.

"प-प-प-पन्नास!"

"कम ऑन म्याडम! कम ऑन!"

शेजारून एक कंटेनर गेला, आणि त्याच्या वाऱ्याने आम्ही आमची लेन सोडून पलीकडे जाऊन नम्रपणे परत आलो. एका मोठ्या गाडीतलं कुटुंब काच खाली करून आमचा व्हिडिओ काढत बराच वेळ बरोबर चाललं. त्यातल्या आजीबाईंनी चक्क हात जोडले, बहुधा हारामुळे. वाऱ्याने इंडिकेटरचा डावा दांडा बाहेर आला आणि आत जाईना. आम्ही मैलोन् मैल डावीकडे वळतो आहोत असं जगाला सांगत सरळ चाललो होतो.

मग काटा साठवर गेला. साठ मैल म्हणजे ताशी शंभर किलोमीटरला थोडंसंच कमी. काटा इतका थरथरत होता की पन्नासही म्हणता आलं असतं आणि सत्तरही, पण मी साठ म्हटलं आणि त्यावर ठाम आहे. आणि खरं सांगतो, भीतीच्या पलीकडे कुठेतरी मला मजा वाटायला लागली. पासष्टीचा मी गृहस्थ, दार धरून "साठ! साठ! साठ!" ओरडत होतो. शेठ हसत होते. इतके मोकळे हसताना मी त्यांना पूर्वी पाहिलं नव्हतं. "गुड गर्ल! गुड गर्ल!"

शहापूरच्या पुढे बॉनेटमधून वाफ आली. आधी थोडी, मग भसाभस, मग समोरचं दिसेना. शेठचं इंग्रजी पार ढासळलं. "सॉरी म्याडम, सॉरी, सॉरी, वेट, सॉरी" करत त्यांनी गाडी कडेच्या रुंद जागेत घेतली. मागून प्रमोदची गाडी येऊन थांबली. तो उतरला तेव्हा चेहऱ्यावर जिंकल्याची कळा होती, पण बापाचं तोंड पाहून ती मावळली.

बॉनेट उघडलं. निर्माल्याच्या टोपलीतून येतो तसला वास आला. पाच पदरी हाराने म्याडमचं नाक-तोंड गच्च बंद केलं होतं. आत हवा जायलाच जागा नव्हती. झेंडू रेडिएटरवर बसून अक्षरशः शिजला होता. मी मारलेली गाठ एवढी पक्की होती की ती पान्याने तोडावी लागली. अर्चनाला हे कधीही सांगायचं नाही, असं आमचं न बोलता ठरलं.

आता लागणार पाणी. प्रमोदच्या गाडीत कोल्ड्रिंकचे डबे होते, पाणी नव्हतं. त्याचा ड्रायव्हर गणपत पाणी आणायला निघाला. या रस्त्यावर मधे कुठे वळता येत नाही. पुढे जाऊन उतरायचं, पाणी घ्यायचं, आणि उलट्या बाजूने लांबचा वळसा घालून परत यायचं. गणपत गेला, आणि प्रमोदने खिसे चाचपले. दोन्ही फोन गाडीत चार्जिंगला लावलेले. ते गणपतबरोबर गेले. रस्त्याकडे पाहत तो नुसता उभा राहिला. हातांचं काय करायचं ते त्याला कळेना.

कडेला कमरेएवढी भिंत होती आणि तिच्यावर फलकाची जराशी सावली. शेठ तिथे बसले. थोड्या वेळाने प्रमोदही जाऊन बसला. मी म्याडममधे बसून राहिलो, पण काच खाली होती आणि मला ऐकू येत होतं. बऱ्याच वेळाने शेठनी विचारलं, "काल जेवलास का?"

"हा, जेवलो."

"मना वाटला नाय जेवलास. वरून आवाज नाय आयला."

मग शेठ म्हणाले, "तुला आठवते का, टिटवाल्याला चाललेलो, तवा तू हिच्यात ओकलास?"

"तुमच्या टोपीत ओकलो मी!"

"टोपीत आणि सीटवं. तुजी आय बोलली, म्याडमला मराठी येत नाय ते बरा हाय, नायतं तुला शिव्या घातल्या असत्या."

प्रमोद हसला. असा हसला की वाकून त्याने भिंत धरली. हसू ओसरल्यावर तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "बाबा, मना रात्री झोप येत नाय आजकाल. कामाचा टेन्शन."

"मंग खाली यायचा," शेठ म्हणाले. "मी पन जागाच असतो."

मला तिथे बसवेना. मी उतरून म्याडमच्या पलीकडच्या बाजूला गेलो आणि विनाकारण टायर तपासत राहिलो.

गणपत कॅन घेऊन आला तेव्हा सव्वाअकरा होत होते. अजून वेळ होता. पाणी ओतलं, निघालो, की झालं. शेठ उठून आले, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "नाय. आजून गरम हाय. आता थंड पानी घातला तं चीर जाईल." आणि परत जाऊन बसले.

मी हात लावला. बॉनेट गार होतं. आत रेडिएटरला हात लावला. तोही गार. मी लगबगीने त्यांच्याकडे गेलो. प्रमोद तेव्हा गणपतशी काहीतरी बोलत होता.

"शेठ, थंड झालीये ती. आत्ता निघालो तर बाराच्या आत सहज पोचतो."

शेठनी माझं मनगट धरलं आणि दाबलं. "गरम हाय, मास्तर," ते हळूच म्हणाले.

मला कळायला जरा वेळ लागला. ज्या गाडीसाठी हा माणूस आठवडाभर झोपला नव्हता, ती त्याने तिथे, त्या भिंतीवर, प्रमोदच्या शेजारी बसल्या बसल्या सोडून दिली होती. मी म्हणालो, "हो, गरम आहे खरी." प्रमोद परत येऊन बसला. दोघं पुन्हा बोलायला लागले, नातीबद्दल, खाडीतल्या निवट्या माशांबद्दल, वालाच्या शेंगांबद्दल. बारा वाजले. मी घड्याळ पाहिलं आणि हात खिशात घातला.

बारा वाजून गेल्यावर गणपत गाडीतून दोन्ही फोन घेऊन आला. दोन्ही वाजत होते. प्रमोदने ते हातात घेतले, आणि एका फोनवरची वेळ त्याच्या नजरेला पडली. तो उठला. म्याडमपाशी आला आणि त्याने बॉनेटवर तळवा ठेवला. तसाच ठेवून तो उभा राहिला. मग बापाकडे पाहिलं. शेठ समोरचे डोंगर मोजत असल्यासारखे दुसरीकडेच बघत होते.

प्रमोदने फोन बंद केले आणि गणपतच्या हातात परत दिले.

"पानी सावलीत ठेव रे," तो म्हणाला. "आजून चटका बसतोय."

आणि जाऊन पुन्हा बापाशेजारी बसला.